पावतीपुस्तक आणि जिना

(गुरुजी स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांना भाषणं फारशी आवडत नसत. वक्त्यानं लांबण लावली की ते मागच्या रांगेत बसून पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती जुळवत बसायचे. तेव्हा आजचा विषय मी त्यांच्या सवयीला धरूनच घेतला आहे. आळीतली, वाडीतली, उपनगरातली एखादी छोटी धर्मादाय संस्था पैसा गोळा कशी करते आणि वाटते कशी, एवढाच तो विषय. गुरुजींनी चाळीच्या गॅलरीत सुरू केलेल्या निधीचा मी बरीच वर्षं खजिनदार आहे. त्यामुळे आज सांगेन त्यातलं काही पुस्तकांतलं असेल आणि बरंचसं जिने चढून कळलेलं.

माझं एकच म्हणणं आहे, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लोकल गाठायची आहे ते मोकळे. आपण धरून चालतो की पैसा गोळा करणं हे एक काम आणि वाटणं हे दुसरं. पहिलं पोरांचं, दुसरं कार्यकारिणीचं. मला वाटतं, छोट्या संस्थेत ही दोन कामं वेगळी नसतातच. पैसा ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं खबर येते. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणाच्या मुलीनं दहावीनंतर शाळेचं नाव काढणं बंद केलं, ही खबर. ती वाट बदलली की वाटपही बदलतं, आणि ते बदलल्याचं आपल्याला फार उशिरा कळतं.

आता जरा मागे जाऊ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली तिचं ठाणं साताऱ्याला हलवलं. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. पण नाव मिळून पोट भरत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्याच धड्यात एका ओळीत मुष्टिफंड येतो आणि आपण तो ओलांडून पुढे जातो. घरातल्या बाईनं स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला टाकायचं आणि संस्थेच्या माणसांनी ते येऊन न्यायचं, ही ती रीत.

मी खजिनदाराच्या नजरेनं या मुठीकडे बघतो तेव्हा थक्क होतो. एक तर ती मूठ बाईच्या हातातली आहे. घरातली रोकड पुरुषाच्या कनवटीला असायची, पण कणगीतून किती काढायचं हे चुलीपाशी ठरत असे. म्हणजे जिला व्यवहारात कोणी विचारत नव्हतं, तिला या निधीनं देणगीदार केलं. दुसरं असं की ज्या घरात नाणं दिसत नाही त्या घरालाही मूठ परवडते, मग ती रोज नसेना का. तिसरी गोष्ट हिशेबाची. धान्य फार काळ साठवून ठेवता येत नाही, त्याला पोरकिडे लागतात. आलं की शिजवावं लागतं. आज कितीतरी संस्थांच्या ताळेबंदात मुदतठेवी फुगलेल्या दिसतात आणि लाभार्थींची यादी मात्र वाळलेली. मुष्टिफंडाला ती सोयच नव्हती. आणि चौथी, मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. एकदा पोत्यात पडली की कोणाची ज्वारी कोणाच्या भाकरीत गेली ते सांगता येत नाही. माझी मूठ फक्त माझ्याच जातीच्या मुलाला, अशी अट घालायला जागाच उरत नाही.

याच सुमाराच्या थोडं आधी पैसा फंड निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना. माणशी वर्षाला एक पैसा. टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. हा काही दानधर्म नव्हता, स्वदेशी उद्योगाचं भांडवल होतं. तरी आपल्या विषयाला तो जवळचा आहे. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमायला चौसष्ट माणसं. कोणताही व्यवहारी माणूस म्हणेल, हा वेडेपणा आहे, एका सावकाराकडे जा आणि शंभर रुपये घेऊन या. पण चौसष्ट माणसांपुढे उभं राहून चौसष्ट वेळा स्वदेशी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, त्याचं काय? त्याची नोंद कुठल्याच खतावणीत सापडत नाही.

धोंडो केशव कर्व्यांच्या बाबतीत तर हे फारच ठळक दिसतं. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. फर्ग्युसनमधली गणिताची प्राध्यापकी सांभाळून हे सगळं. पैसा मागण्यासाठी ते आणि त्यांची माणसं अक्षरशः दारोदार फिरली. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. आश्रमासाठी निधी मागत त्या गावोगाव हिंडल्या, पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. स्वतः कर्वे सत्तरी उलटल्यावर परदेशी निघाले. डिसेंबर १९३० मध्ये सुरू झालेला आफ्रिकेचा दौरा पंधरा महिन्यांचा होता. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार करत ते दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले. या सगळ्यातून किती पैसा जमला हा प्रश्न आहेच. पण पार्वतीबाई एखाद्या गावात उभ्या राहिल्या की त्या गावाला काय दिसत असेल? एक विधवा बाई, शिकलेली, चारचौघांत बोलणारी. ज्या घरानं एक छदामही दिला नाही त्या घरातली एखादी सून दाराआडून ते बघत असणार. आश्रमाला देणगीइतकीच विद्यार्थिनींची गरज होती, आणि विद्यार्थिनीचं घर कळण्याचा रस्ता देणगी मागण्याच्या रस्त्यावरूनच जात होता. हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. दिवाळीत दारात येऊन ओवाळणी मागणाऱ्या त्या बायकांना माझे वडील पैसे द्यायचे आणि अर्धा तास संस्थेच्या चौकशा करायचे. त्या बिचाऱ्या उभ्यानं सगळ्यांची उत्तरं देत.

पण याच कर्व्यांच्या आयुष्यात उलट बाजूचा प्रसंगही आहे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. चार वर्षं थेंबाथेंबानं पैसा जमवत ते चाललं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या काळचे पंधरा लाख! विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव आलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. देणगीला अटी होत्या. कर्व्यांनी त्या मान्य केल्या. दुसरीकडे भाऊरावांची गोष्ट साताऱ्याकडे घरोघर सांगतात. महाविद्यालयाचं शिवाजी महाराजांचं नाव बदलून आपलं द्यावं, अशी अट घालून मोठी रक्कम देऊ करणाऱ्याला त्यांनी परत पाठवलं.

व्याख्यानात ही दोन उदाहरणं दिली की श्रोते लगेच बाजू घेतात, आणि सहसा भाऊरावांची. मी घेत नाही. विद्यापीठाला इमारती लागतात, प्राध्यापकांचे पगार लागतात, ते मुठीमुठीनं होत नाही. नावाची पाटी एवढ्या मोठ्या संस्थेला सोसते. माझी तक्रार नावाबद्दल नाहीच. मोठा देणगीदार छोट्या निधीला सापडतो तेव्हा वेगळंच घडतं. त्याच्या एका धनादेशात दोनशे दारांची वर्गणी येते. कार्यकर्ते म्हणतात, चला, यंदा जिने वाचले. पुढच्या वर्षी तोच धनादेश येतो. तिसऱ्या वर्षी त्याचा मुलगा म्हणतो, आता आम्ही दुसरीकडे देतो. तेव्हा पावतीपुस्तक शोधायला लागतात. पुस्तक सापडतं, पण जिना चढणारी पोरं आता बापये झालेली असतात आणि नव्यांना कुठल्या दारावर कोण राहतं हेच ठाऊक नसतं.

मुंबईतली कोकणी ग्रामस्थ मंडळं हा मला या विषयातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग वाटतो आणि त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. गिरणगावात एकेका गावाची, कधी एकेका वाडीची खोली असायची. दहा-दहा, वीस-वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, खाणावळीत जेवायची. त्या खोलीचंच मंडळ. महिन्याच्या पगाराला वर्गणी ठरलेली, वही ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली एकाकडे. गावातल्या शाळेचं छप्पर, देवळाचा जीर्णोद्धार, पऱ्ह्यावरचा साकव, कोणी मुंबईत वारला तर त्याच्या माणसांना गावी पोचवायचा खर्च, सगळं त्या वहीतून. वर्गणी पुरली नाही की नाटक. परळचं दामोदर नाट्यगृह ज्या सोशल सर्व्हिस लीगनं उभं केलं ती ना. म. जोशींनी १९११ साली स्थापलेली संस्था. त्या रंगमंचावर गिरणीतल्या कामगारांनी गावच्या मंडळासाठी केलेल्या प्रयोगांची गणती कोण करणार! तिकिटं हातात घेऊन नट स्वतः खोल्याखोल्यांत फिरायचा. राजाची भूमिका करणारा सकाळी खात्यात साच्यावर आणि संध्याकाळी तिकिटं खपवायला. जोडीला स्मरणिका. तिच्यात वाण्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांच्या जाहिराती, अर्धं पान, पाव पान, आणि शुभेच्छुक म्हणून नुसतं नाव. ती स्मरणिका वाचत कोणी नसे. पण कोण किती देऊ शकतो आणि यंदा कोणी का दिलं नाही, याचा तो वस्तीचा पक्का दस्तऐवज होता. गेल्या वर्षी अर्ध्या पानावर असलेला माणूस यंदा शुभेच्छुकांतही नाही, तर त्याच्या दुकानावर काहीतरी बेतलेलं आहे, हे मंडळाच्या सेक्रेटरीला बरोबर कळे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो आवश्यक आहे पण रसाळ नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आहे. त्याखाली नोंदणी, दरवर्षी हिशेबतपासणी, विश्वस्त बदलले तर बदल अर्ज, जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. नोंदणी नसलेल्या मंडळानं गणपतीची वर्गणी काढायची तर कलम ४१क खालची परवानगी. आयकराच्या बाजूनं, उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हावेत अशी अपेक्षा. देणगीदाराला ८०जीची सवलत हवी तर २,००० रुपयांवरची रक्कम रोखीत चालत नाही, आणि सवलतीसाठी त्याचा पॅन नंबर लागतो. हे सगळं योग्यच आहे. ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी हिशेब न ठेवणाऱ्या एखाद्या मंडळाची वार्षिक सभा एकदा बघावी, मारामारी सोडून सगळं होतं आणि कधी कधी मारामारीही होते. फक्त एवढंच ध्यानात घ्यावं की कायदा विचारतो, किती आले, किती खर्च झाले, उद्दिष्टांवर झाले का. योग्य दारात पोचले का, हे तो विचारत नाही. त्याचं ते कामही नाही.

आता आमचीच रीत सांगतो. जिथं वर्गणी गोळा होते तिथं दोघांनी जायचं, एकट्यानं नाही. एक जण पावती फाडतो, दुसरा बोलतो. पावती दारातच फाडायची, नंतर पाठवतो म्हणायचं नाही. रक्कम कितीही असो, ५१ असो की ५,००१, पावतीवरचं अक्षर सारखंच असलं पाहिजे, हा गुरुजींचा दंडक. मोठी रक्कम आली की हात आपोआप वळणदार लिहायला लागतो, म्हणून. स्थळप्रतीच्या मागे पेन्सिलीनं खुणा करायच्या. नाही म्हणाले, तर का म्हणाले. दार उघडलंच नाही, तर तेही. ‘मागच्या वर्षी १०१, यंदा २१, विषय काढू नये’ अशी एक खूण माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. त्या घरात गिरणीची नव्हे, एका छोट्या कारखान्याची नोकरी सुटली होती. ते कुटुंब आमच्याकडे अर्ज घेऊन कधीच आलं नसतं. मदत आम्हीच घेऊन गेलो आणि तीही मुलाच्या शाळेतल्या बाईंच्या मार्फत.

रात्री पैसे मोजायचे ते कोणाच्या तरी घरात, तिघांच्या समोर, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत. मोजताना पोरं जे बोलतात ते मी मुद्दाम ऐकत बसतो. अमक्या काकूंच्या घरात वास येतो, कोणी येतजात नाही वाटतं. तमक्यांकडे आजोबांनी दार उघडलं, मुलगा सून कुठे तरी गेलेत, महिना झाला म्हणे. या गप्पांना कार्यवृत्तात जागा नाही. पण जूनमध्ये फीचे अर्ज उघडतो तेव्हा अर्जांच्या गठ्ठ्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही हे मला या गप्पांमुळे दिसतं.

कारण अर्जाचं असं आहे की तो लिहिता येणाऱ्याचा असतो. तीन प्रती, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, गुणपत्रिका, दोन फोटो. हे सगळं जो जमवू शकतो त्याला तहसील कचेरीत जायला एक दिवसाची रजा परवडते. ज्याला ती परवडत नाही तो आमच्यापर्यंत पोचतच नाही. नुसत्या अर्जांवर चालणारा निधी गरिबांतल्या जरा बऱ्या परिस्थितीतल्यांना पैसे देतो आणि फाइल मात्र चोख ठेवतो.

देताना आम्ही रोख हातात देत नाही. धनादेश शाळेच्या नावे, इस्पितळाच्या नावे, औषधांच्या दुकानाच्या नावे. हिशेबतपासनीस खूश. पण हा नियम पाळता पाळताच त्याची भोकं दिसतात. परळला टाटा इस्पितळात ज्याचा उपचार चालतो त्याच्या औषधाची पावती मिळते. त्याच्या बरोबर आलेल्या बायकोच्या दोन वेळच्या जेवणाची पावती कोण देणार? ती वडापाव खाऊन दिवस काढते. रात्री झोपायचं कुठे? गाडगेबाबांना हे फार आधी कळलं होतं. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं त्यांनी धर्मशाळा बांधल्या. स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही बाहेरगावचे कर्करोगाचे रुग्ण नातेवाइकांसह उतरतात. रुग्णाला औषधाशिवायही काही लागतं, आणि त्याच्यामागच्या माणसाला तर लागतंच, हे ज्याला समजलं तो दानाचं अर्धं शास्त्र शिकला असं मी समजतो. तर आम्ही एक छोटी रक्कम अशा बिनपावतीच्या खर्चासाठी ठेवतो, दोन विश्वस्तांच्या सहीवर. ती कुठून येते? पावतीपुस्तकातल्या ५१ आणि १०१ मधून. मोठा देणगीदार तिला पैसे देत नाही. त्याला डोळ्यांना दिसेल असं काही हवं असतं.

या सभागृहात वर बघा. चारही पंख्यांच्या पात्यांवर नावं आहेत, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. बाकांवर आहेत, पाण्याच्या टाकीवर आहे. विजेचं बिल मात्र आजवर कोणाच्या स्मरणार्थ कोणी भरलेलं नाही. पंखे देणाऱ्यांना मी हसत नाही, उकाड्यात बसून तर मुळीच नाही. पण संस्थेला पंख्यापेक्षा बिलाची चिंता जास्त असते, आणि बिलाला अटीविना आलेला पैसाच लागतो. आमच्याकडे एकदा एका गृहस्थांनी फक्त मुलींच्या बारावी विज्ञानाच्या फीसाठी, तीही विशिष्ट टक्क्यांच्या वर, अशी रक्कम दिली. दोन वर्षं तशी मुलगी आमच्या वस्तीत मिळाली नाही. पैसा बँकेत पडून, आणि शेजारच्याच इमारतीत एक मुलगी आयटीआयच्या फीसाठी थांबलेली. तेव्हा आम्ही त्यांना भेटून अट सैल करून घेतली. ते चांगले गृहस्थ म्हणून झालं.

एक मुद्दा इथं मध्येच सांगतो, कारण तो पैशाबद्दल नसून पैसा वाचवण्याबद्दल आहे. धर्मादाय कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे धर्मादाय इस्पितळांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे सभेतल्या किती जणांना माहीत आहे? दाखल होतानाच हे सांगावं लागतं, कागद लागतात, समाजसेवा विभागात जावं लागतं. आमच्या निधीतून एखाद्या शस्त्रक्रियेला आम्ही देऊ शकतो ती रक्कम बिलाच्या मानानं चिमूटभर. पण आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका बाई रुग्णाबरोबर जाऊन हे फॉर्म भरून घेतात, त्यातून जेवढं वाचतं तेवढं आमच्या निधीनं एकूण वाटलेलंही नसेल. त्यांच्या रिक्षाभाड्यासाठी देणगी मागायला गेलो तर लोक म्हणतात, हा प्रशासकीय खर्च झाला.

इथपर्यंत मी दारोदार फिरण्याची स्तुतीच केली. तिची काळी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान म्हणजे जुन्या चाळीचं कौतुक होईल, आणि ते ऐकायला नाटकं पुष्कळ आहेत.

शेजाऱ्याला फार माहीत असतं, हा दोष आहे. बैठकीत एखादा अर्ज निघाला की कोणीतरी म्हणतं, तिचा नवरा पितो, त्यांना कशाला? पिणाऱ्याच्या मुलाची फी ही पिणाऱ्याची शिक्षा म्हणून थांबवायची, असा त्याचा अर्थ होतो हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या कोणी परजातीत लग्न केलेलं असतं. तिसऱ्याकडे टीव्ही आहे, मग गरीब कसला? आणि ज्या ग्रामस्थ मंडळांचं मी एवढं कौतुक केलं, त्यांतली पुष्कळशी जातीजातींची होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीची खोली वेगळी, मंडळ वेगळं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं काढायला सुरुवात केली तीही समाजवार होती. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान. त्या काळी त्याशिवाय सुरुवातच झाली नसती, हे मान्य. पण ओळखीतून जमलेला पैसा ओळखीतच फिरतो, हा त्याचा स्वभाव आहे आणि तो आपोआप सुटत नाही. भाऊरावांनी एक पंगत केली त्यासाठी त्यांना किती टक्केटोणपे खावे लागले, ते त्यांचं चरित्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

म्हणून कागद हवाच. आमच्याकडे आता बैठकीत अर्जावर नाव नसतं, नुसता क्रमांक. पत्ता खजिनदाराकडे. याला आमच्याच गोळा करणाऱ्या पोरांनी विरोध केला, आणि त्यांचंही चूक नव्हतं: नाव झाकलं की त्यांनी आणलेली खबरही झाकली जाते. मग असं ठरलं की बैठकीच्या पहिल्या तासात अर्ज उघडायचेच नाहीत. फिरून आलेल्यांनी कोणाचं नाव न घेता सांगायचं, कुठल्या भागात काय दिसलं, कुठून अर्ज यायला हवे होते आणि आले नाहीत. मग तिथं जाऊन अर्ज भरून आणायचे. दुसऱ्या तासात क्रमांक. ही पद्धत वेळखाऊ आहे, चहा दोनदा होतो. धनादेश देतानाचे फोटो मात्र पूर्ण बंद केले. मुलगी शाळेची फी घेताना मान खाली घालून उभी आणि आमचे अध्यक्ष कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत, असा एक फोटो जुन्या अहवालात आहे. तो अहवाल मी आता पाहुण्यांना दाखवत नाही.

आजची अडचण वेगळीच आहे. जुन्या चाळी पडल्या, तिथं वीस-बावीस मजल्यांचे टॉवर आले. फाटकावर पहारेकरी, वहीत नोंद, वर फोन, वरून उत्तर: कोणी ऑर्डर दिली नाही म्हणून सांगा. सोसायटीचे सेक्रेटरी सज्जन असतात. म्हणतात, कशाला जिने चढता, तुमचा क्यूआर कोड लिफ्टमध्ये लावतो. लावला. पैसे येतात, खोटं का बोलू, पूर्वीपेक्षा जास्तच येतात. मोबाइलवर टिंग वाजतं आणि खात्यात ५०० जमा. पण त्या ५०० रुपयांच्या मागे स्थळप्रत नाही, पेन्सिलीची खूण नाही. बाविसाव्या मजल्यावर एकटं राहणारं म्हातारं माणूस आहे की नाही, ते मला त्या टिंगमधून कळत नाही. पहिल्या दोन वर्षांत आमची जमा वाढत गेली आणि टॉवरच्या भागातून आलेल्या अर्जांची संख्या जवळपास शून्यावर राहिली. कार्यकारिणीत काहींनी त्याचा अर्थ लावला की तिथं गरज नाही. श्रीमंत वस्ती.

तिथं राहणाऱ्यांना नसेल गरज. पण सकाळी सहाला जी लिफ्ट खालून वर जाते तिच्यात राहणारे नसतात. धुणीभांड्याच्या बायका, स्वयंपाकाच्या बायका, गाड्या पुसणारी पोरं, बाळंतिणीला तेल लावणाऱ्या मावशी. त्या राहतात रेल्वेच्या पलीकडे, काम करतात इथं. आमच्या घटनेतल्या कार्यक्षेत्राच्या व्याख्येत त्या धड तिथल्या नाहीत आणि धड इथल्या नाहीत. क्यूआर कोड त्यांच्या डोळ्यांसमोरच्या भिंतीवर, पण तो त्यांच्यासाठी लावलेला नव्हता.

गेल्या वर्षीपासून आम्ही टॉवरमधलं पावतीपुस्तक फाटकापाशी, पहारेकऱ्याच्या केबिनमधून सुरू करतो. वर जाऊ देवोत न देवोत. केबिनमध्ये पहारेकरी, झाडूवाला, गाड्या पुसणारा, जो देईल त्याची पावती, दहा रुपयांची असली तरी. त्या पावत्यांची बेरीज ताळेबंदात दिसणारही नाही. यंदा जूनमध्ये टॉवरमध्ये कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांचे फीचे अर्ज पहिल्यांदा आले, आणि त्यांतले बहुतेक अर्ज पहारेकऱ्यांनीच आणून दिले होते. निवडीत ते बाकीच्यांच्या बरोबरीनं, क्रमांकानं गेले. काही मंजूर झाले, काही नाही.

आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचा याला विरोध आहे. ते म्हणतात, ज्यांना द्यायचं त्यांच्याकडूनच दहा रुपये घ्यायचे, हे शोभत नाही. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. मी त्यांना मुष्टिफंडाची आठवण करून दिली. ते म्हणाले, तेव्हा गावात सगळ्यांकडे मूठ तरी होती, इथं पगारच दहा तारखेनंतर होतो. हेही खरंच. मग वर्गणी दहा तारखेनंतर काढावी का, कार्यक्षेत्राची व्याख्या बदलायची तर घटनादुरुस्ती करावी लागेल, ती करावी का, आणि लिफ्टमधल्या क्यूआरच्या शेजारी कामवाल्या बायकांसाठी फॉर्म कुठे मिळतो ते लिहिलेलं सोसायट्या चालवून घेतील का, असे तीन विषय येत्या रविवारच्या सभेपुढे आहेत. सभा इथंच, संध्याकाळी सहाला. सभासद नसलेल्यांनाही बसता येईल. मत देता येणार नाही, पण बोलता येईल.